नागपूरहून किती तास? हिशेब घरीच लावा

नागपुरात सक्करदऱ्याला माझं तिकीट बुकिंगचं छोटं ऑफिस आहे, २००३ पासून. आधी रेल्वेचे फॉर्म भरून द्यायचे, मग विमानाची तिकिटं सुरू झाली. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न म्हणजे, "ताई, मुंबईले कितीक वेळ लागते?" पूर्वी मी झटकन म्हणायचे, दीड तास. आता म्हणत नाही. समोरच्याला खुर्चीवर बसवते आणि आधी विचारते, कशासाठी जायचंय? मुलाखतीला, दवाखान्यात, लग्नाला, की कोणाला शेवटचं बघायला? कारण त्यावरून ठरतं की त्याला कोणता वेळ सांगायचा.

हे मी शिकले ते माझ्या चुकीतून. २०११ चा मे महिना. पहाटे पावणेसहाला काटोलहून एका ओळखीच्या भाऊंचा फोन आला. त्यांचे मोठे भाऊ कल्याणला रात्री वारले होते. नऊचं विमान होतं, एक सीट मिळाली. भाऊंनी विचारलं, किती वेळात पोचतो? मी म्हटलं, दीड तास. त्यांनी कल्याणला कळवलं, साडेदहाला पोचतो, अकरापर्यंत थांबा. विमान अगदी वेळेवर उडालं, वेळेवर उतरलं. पण मुंबईत उतरून दारातून बाहेर पडायलाच अकरा वाजून गेले आणि तिथून कल्याणपर्यंत टॅक्सीला दोन तास. ते पोचले तेव्हा दीडच्या सुमाराचं ऊन होतं. घरच्यांनी साडेबारापर्यंत वाट बघितली होती. मे महिन्यात त्याहून जास्त कोण कसं थांबवणार? तेराव्यानंतर भाऊ तिकिटाचे पैसे द्यायला ऑफिसात आले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, टॅक्सीत होतो तवा चार वेळा फोन आला त्यायचा. काय सांगू, समजत नव्हतं."

दीड तास हा आकडा खोटा नव्हता. तो विमानाचा होता, भाऊंचा नव्हता.

तर कोणत्याही दोन शहरांमधल्या प्रवासाचे तीन वेळ असतात. पहिला हवेतला, म्हणजे चाकं जमीन सोडतात तिथपासून परत टेकतात तिथपर्यंत. दुसरा तिकिटावरचा. विमान गेटवरून मागे सरकतं तेव्हा तो सुरू होतो आणि पलीकडच्या गेटवर थांबतं तेव्हा संपतो. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, नंबर लागायची वाट बघणं, उतरल्यावर परत सरकत येणं, सगळं आलं. तिसरा उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा. माणूस जगतो तो तिसरा, आणि नेमका तोच कुठे छापलेला नसतो. तो आपला आपल्यालाच काढावा लागतो. हे तिन्ही कसे काढायचे ते सांगते. वही, फोनमधला कॅल्क्युलेटर आणि एक दोरा, एवढं पुरे.

आधी अंतर. नागपूरकरांना अंतराचं कौतुक जन्मजात असतं. झिरो माइलचा खांब आणि ते चार घोडे लहानपणी शाळेच्या सहलीत बघितलेले असतात. १९०७ सालचा सर्वेक्षणाचा दगड आहे तो. पण विमानाचं अंतर झिरो माइलपासून मोजत नाहीत, सोनेगावच्या विमानतळापासून मोजतात. दोन्हींमध्ये सरळ रेषेत सात-एक किलोमीटर आहेत. मुंबई-दिल्लीच्या हिशेबात सात किलोमीटरने फरक पडत नाही, पण कुठून कुठे मोजतोय हे आधी ठरवायची सवय चांगली.

प्रत्येक जागेचे दोन आकडे असतात, अक्षांश आणि रेखांश. फोनच्या नकाशात त्या जागेवर बोट दाबून धरलं की दोन्ही दिसतात. सोनेगाव विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. मुंबईचा सांताक्रूझकडचा विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. अक्षांशातला फरक २ अंश. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, जगात कुठेही. म्हणजे झाले २२२.

पूर्व-पश्चिमेचं मात्र तसं नाही. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून लांब असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत येत तिथे एकत्र मिळतात, संत्र्याच्या फोडींसारख्या. त्यामुळे एका अंशाचे किलोमीटर जागेवर अवलंबून असतात. बंगळुरू-चेन्नईच्या पट्ट्यात, १३ अंशाजवळ, एक अंश म्हणजे सुमारे १०८ किलोमीटर. आपल्या पट्ट्यात, २० अंशाच्या आसपास, १०४.५. दिल्लीच्या वाटेवर २५ अंशाला १०१. तिशीच्या वर गेलात की ९६. नागपूर ते मुंबई रेखांशातला फरक ६.१८ अंश, गुणिले १०४.५, म्हणजे ६४६ किलोमीटर.

आता शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय. २२२ चा वर्ग, ६४६ चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर येतं ६८३. नागपूर ते मुंबई हवाई अंतर ६८३ किलोमीटर. हे मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काढलं तेव्हा नकाशातल्या आकड्याशी ताडून बघितलं आणि खरंच खूप आनंद झाला. दीड-दोन हजार किलोमीटरपर्यंत ही पद्धत बिनधास्त वापरा. त्यापुढे पृथ्वीचा गोलपणा आडवा येतो, त्याचं पुढे सांगते.

याच पद्धतीने दिल्ली ८५५ च्या आसपास येते, चेन्नई ९०९, कोलकाता ९८५, पुणे ६०५, हैदराबाद ४३३. पहिली तीन आणि मुंबई एका ओळीत लिहून बघा. चारही महानगरं हजार किलोमीटरच्या आत. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली ती याच कारणाने आपल्या सोनेगावला. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास, चारही ठिकाणांहून रात्री टपालाची डाकोटा विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. डाकोटाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर धरला तर कोलकात्याहून यायला साडेतीन तास. म्हणजे रात्रीतून जाऊन-येऊन बसतं. अंतराला वेगाने भागून वेळ काढायचा हा हिशेब कोणीतरी कागदावर केला असणार, तेव्हाच तर देशभराचं टपाल आपल्या गावात रात्री जागत होतं.

आता वेळ. माझा नियम साधा आहे. किलोमीटरला ८०० ने भागा, त्याची मिनिटं करा आणि वर ३५ मिनिटं मिळवा. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० ते ८५० ने जातं, पण चढताना, उतरताना आणि जमिनीवर सरकताना त्याचा वेग कमी असतो. ती कसर म्हणजे ही ३५ मिनिटं. मुंबईला ६८३ भागिले ८०० म्हणजे ५१ मिनिटं, अधिक ३५, झाले ८६. जवळजवळ दीड तास. दिल्लीचे ६४ अधिक ३५, म्हणजे पावणेदोनला थोडं कमी.

तिकिटावर मुंबईचा वेळ यापेक्षा पाच-दहा मिनिटं जास्त दिसेल. मुंबईच्या आकाशात गर्दी असते, उतरायला रांग लागते, हे कंपन्यांना माहीत असतं, म्हणून त्या मुद्दाम थोडा वेळ वाढवून छापतात. त्यामुळे कधी कधी विमान "वेळेआधी" पोचतं आणि लोक टाळ्या वाजवतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या पावसात मात्र विमान घिरट्या घालत राहू शकतं, तेव्हा अर्धा तास आणखी धरा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या दिल्लीच्या विमानाला धुक्याचं बघा. त्या दिवसांत दिल्लीहून पुढचं विमान पकडायचं असेल तर मी गिऱ्हाइकाला आदल्या संध्याकाळचं तिकीट घ्यायला लावते, चारशे-पाचशे रुपये जास्त गेले तरी.

पंख्याचं लहान विमान असेल, ज्याला एटीआर म्हणतात, तर ८०० च्या जागी ५०० धरा. लांबच्या अंतराला त्याचा फरक चांगलाच पडतो. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचा.

आणि वारा. थंडीत उत्तर भारतावरून खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला तो ढकलतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतो. नागपूर-कोलकाता जाता-येता काही मिनिटांचाच फरक पडेल, पण दिल्ली-लंडनसारख्या प्रवासात जाताना तासभर जास्त लागू शकतो. म्हणून "जायला जेवढा, यायला तेवढाच" असं धरू नका.

एखाद्या विमानाला प्रत्यक्षात किती वेळ लागतो हे बघायचं असेल तर फ्लाइटरडार२४ या वेबसाइटवर त्या विमानाचा क्रमांक टाका. मागच्या आठवड्यात ते रोज किती वाजता उडालं, किती वाजता टेकलं, सगळं दिसतं. मी महत्त्वाच्या तिकिटाआधी सातही दिवस बघते. सातपैकी पाच दिवस उशीर असेल तर गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगते आणि दुसरं विमान सुचवते.

आता तिसरा वेळ, ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय. इथे गडबड करू नका. कागद घ्या आणि शेवटाकडून सुरुवातीकडे या. काटोलच्या भाऊंचा तो दिवस मी नंतर असाच मांडला होता. कल्याणच्या घरी पोचायचं. त्याआधी विमानतळ ते कल्याण, कामाच्या दिवशी सकाळी दोन तास. त्याआधी विमान थांबल्यापासून दाराबाहेर येईपर्यंत वीस मिनिटं, बॅग टाकली असेल तर चाळीस. त्याआधी तिकिटावरचा दीड तास. त्याआधी विमानतळावरचा वेळ. बहुतेक कंपन्यांचं काउंटर विमानाच्या एक तास आधी बंद होतं, म्हणून देशातल्या देशात दोन तास आधी. आणि काटोल ते सोनेगाव सव्वा-दीड तास. बेरीज करा, सात तासांच्या वर जाते. मी सांगितला होता दीड.

यातली प्रत्येक ओळ आपापल्या घराप्रमाणे बदला. सक्करदऱ्याहून सोनेगावला ऑटोने अर्धा तास पुरे. मेट्रोने जात असाल तर एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, तिथून आत टर्मिनलपर्यंत आणखी जावं लागतं, हातात सामान असेल तर ती पंधरा मिनिटं मोजा. उमरेड, काटोल, सावनेर, रामटेकहून येणाऱ्यांनी रस्त्याचा वेळ प्रामाणिकपणे धरा. पोळ्याला, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी शहराच्या मधून यायचं असेल तर तो दुप्पट धरा.

मुंबईला जाणाऱ्यांनी आता आणखी एक गोष्ट बघायची. २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुरू झाली आहेत. तिकिटावर दोन्हीकडे "मुंबई" असंच दिसू शकतं, म्हणून खालचा तीन अक्षरांचा कोड वाचा. जुन्याचा बीओएम, नव्याचा एनएमआय. पनवेल, खारघर, उलवेला जायचं असेल तर नवा जवळ. बोरिवली, अंधेरीला जायचं असेल तर जुनाच. चुकीच्या विमानतळावर उतरलात तर हवेत वाचवलेला वेळ रस्त्यावर जातो.

अंतराच्या बाबतीत लोक जास्त गोंधळतात ते पुण्याच्या वेळी. आपली पोरं सगळी पुण्याला, त्यामुळे हा प्रश्न घरोघरचा. नागपूर-पुणे हवाई अंतर ६०५ किलोमीटर. रस्त्याने सातशेच्या वर. आणि रेल्वेने ८८१. गाडी वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड करत जाते, मग कोपरगाव, अहिल्यानगरवरून दौंडला उतरते, म्हणून इतका वळसा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली वंदे भारत हे अंतर बारा तासांत जाते. विमान तिकिटावर सव्वा तास दाखवतं, पण घर ते घर हिशेब लावला तर नंदनवनहून कोथरूडला साडेपाच तास लागतात. माझ्या भाचीला पहिल्या नोकरीत रुजू व्हायचं होतं तेव्हा तिच्या आईला दोन्ही हिशेब शेजारी शेजारी लिहून दिले. पोरगी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेली, कारण सकाळी आठला पोचून नऊला हजर होणं तिला त्यातच जमत होतं. सकाळच्या विमानाने ती अकराच्या आधी पोचली नसती. विमान लवकर नेतं हे खरं, पण तुम्हाला ज्या वेळी पोचायचंय त्या वेळी नेईलच असं नाही.

समृद्धीचंही तसंच. ७०१ किलोमीटरचा रस्ता, १२० ची मर्यादा, म्हणून लोक सहा तास म्हणतात. सलग १२० ने कोणी चालवू नये आणि चालवूही शकत नाही. जेवण, चहा, डिझेल, टायर थंड करणं धरून आठ-नऊ तास सांगा. आणि तो रस्ता भिवंडीजवळ आमणेला संपतो, तुमच्या मुंबईतल्या दारात नाही.

आता परदेश. इथे किलोमीटरपेक्षा घड्याळ जास्त फसवतं. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते, हे एक वाक्य वहीच्या वर लिहून ठेवा. नागपूरहून थेट दोहाला जाणाऱ्या विमानाचं उदाहरण घेऊ. अंतर २८४० किलोमीटर. ८०० ने भागून ३५ मिळवले की चार तास आठ मिनिटं, पश्चिमेकडे जातोय म्हणून सव्वाचार धरू. समजा विमान दुपारी ४ वाजता निघालं. तिकिटावर पोचायची वेळ दिसेल ५:४५. बघणाऱ्याला वाटतं, पावणेदोन तासांत दोहा! पण दोहाचं घड्याळ आपल्या मागे अडीच तास आहे. ५:४५ मध्ये अडीच तास मिळवा, नागपूरचे ८:१५ झाले. चार ते सव्वाआठ, सव्वाचार तास. येताना उलटं होतं, तिकिटावरचा फरक जास्त दिसतो आणि त्यातून अडीच वजा करायचे. पद्धत कायम एकच: दोन्ही वेळा नागपूरच्या घड्याळात आणा, मग वजाबाकी करा.

२०२४ च्या जानेवारीत उमरेडचे एक काका-काकू आले. मुलगी टोरंटोला, तिचं पहिलं बाळंतपण. काकूंनी डिंकाच्या लाडवांचं साहित्य तिकिटाच्या आधीच आणून ठेवलं होतं. मी प्रवासाचा कागद छापून दिला. नागपूरहून रात्री ८:३०, दिल्लीत थांबा, टोरंटोला दुसऱ्या दिवशी सकाळी ६:३०. काकूंनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "दहा तासात पोचून जातो मंग आपण! इतकं जवळ हाय काय?"

काका रोज सकाळी आठला आणि रात्री आठला इन्सुलिन घेत होते. ते ऐकलं आणि मी ऑफिसचं शटर अर्धं खाली ओढून त्यांच्याबरोबर बसले. जानेवारीत टोरंटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तिथले सकाळचे ६:३० म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे ५. आदल्या रात्री साडेआठ ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच, साडेवीस तास. त्यात दोन वेळच्या जेवणाच्या वेळा आणि एक इन्सुलिनची वेळ विमानात येणार होती, आणि उतरल्यावर तीन तासांनी नागपूरच्या घड्याळात रात्रीचे आठ, तर टोरंटोत सकाळचे साडेनऊ.

जुन्या वहीच्या पानावर मी मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे "नागपूरचं घड्याळ", उजवीकडे "तिथलं घड्याळ". एकेक तासाखाली एकेक ओळ. दिल्लीत उतरणं, दिल्लीहून पहाटे दोनला निघणं, विमानात पहिलं जेवण, सकाळचे आठ, दुसरं जेवण, उतरणं. सकाळच्या आठला आणि रात्रीच्या आठला लाल पेनाने गोल केला. तो कागद घेऊन काकांनी डॉक्टरांकडे जायचं होतं. किती युनिट आणि कधी, हे डॉक्टरच ठरवणार. पण त्यांच्यासमोर तिकीट ठेवलं असतं तर काकूंसारखेच दहा तास दिसले असते. कागदावर खरे तास होते. औषध घेणारा कोणीही लांबच्या प्रवासाला जात असेल तर हा दोन घड्याळांचा कागद कराच, आणि औषध हातातल्या बॅगेत ठेवा, खालच्या सामानात नाही.

मग काकांनी विचारलं, विमान जातं कुठून? भिंतीवरच्या नकाशात त्यांनी स्वतःच बोट फिरवलं. अरबस्तान, भूमध्य समुद्र, मोठा अटलांटिक, आणि टोरंटो. सपाट नकाशात सगळ्यांचंच बोट तसं जातं. टेबलावर माझा बारा इंची पृथ्वीगोल असतो. रिळाचा पांढरा दोरा काढला, एक टोक नागपूरवर काकूंच्या बोटाखाली धरलं, दुसरं टोरंटोवर, आणि मध्ये ताणला. ढिला दोरा घसरत घसरत आपोआप वर गेला. मध्य आशिया, रशियातला उरल पर्वत, वरचा बर्फाचा समुद्र, ग्रीनलंड, आणि मग खाली कॅनडा. ताणलेला दोरा नेहमी सगळ्यात जवळच्या वाटेवर बसतो, आणि गोलावरची जवळची वाट ही अशी उत्तरेवरून असते. नागपूर ७९ अंश पूर्व, टोरंटो ७९ अंश पश्चिम. जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, मग वरून जाणंच जवळ.

तो दोरा पट्टीवर ठेवला. तीस सेंटीमीटर, बरोबर शाळेतली फूटपट्टी. बारा इंची गोलाचा घेर सुमारे ९६ सेंटीमीटर, आणि पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटीमीटर ४१८ किलोमीटरचा. तीस गुणिले ४१८, साडेबारा हजार किलोमीटर. लांबच्या अंतरासाठी पायथागोरस सोडा आणि हा दोरा वापरा. तुमचा गोल लहान असेल तर आधी त्याच दोऱ्याने विषुववृत्ताचा घेर मोजा, ४०,०७५ ला त्या सेंटीमीटरने भागा, झालं तुमचं प्रमाण. वेळ काढताना इतक्या लांब पल्ल्याला ८०० च्या जागी ८५० ने भागा, कारण बहुतेक वेळ विमान पूर्ण वेगात असतं.

दोऱ्याची वाट ही कमीत कमी वाट, एवढं लक्षात ठेवा. विमान तिथून जाईलच असं नाही. कोणत्या देशाचं आकाश कोणासाठी बंद आहे, वारा कुठे अनुकूल आहे, यावर रोजची वाट ठरते. २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं, तेव्हापासून दिल्लीहून पश्चिमेला जाणारी आपली विमानं आधी दक्षिणेला अरबी समुद्राकडे जाऊन मग वळतात. अंतर वाढतं, वेळ वाढतो. म्हणून परदेशाचं तिकीट काढताना मागच्या वर्षी शेजाऱ्यांना किती वेळ लागला यावर जाऊ नका, आजचा वेळ बघा.

टोरंटोहून काकूंचा फोन आला तेव्हा ऑफिसात संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते. सामान यायची वाट बघत उभ्या होत्या. कागद हातातच होता, म्हणाल्या, "तुमच्या इकडच्या रकान्यात पावणेसहा, बरोबर?"

परतीचं तिकीट एप्रिलचं होतं, तेव्हा तो कागद मी नव्याने केला. टोरंटोत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात, त्यामुळे साडेदहाचा फरक साडेनऊ झालेला होता. टोरंटोहून दुपारी १२ ला निघून नागपूरला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ ला, तिकिटावर एकोणतीस तास दिसत होते. साडेनऊ वजा केले, साडेएकोणीस उरले. तोच प्रवास, वारा पाठीशी म्हणून तासभर कमी. लाल गोल या वेळी दोन वेगळ्या ओळींवर आले. कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि काकांना सांगितलं, हा नवा धरा, जानेवारीचा फाडून टाका.